भाडेकरू गेला, सामान राहिलं : घरमालकांनो, या चुका टाळा

चावी हातात आली की घराचा ताबा तुमच्याकडे येतो, आत राहिलेलं सामान मात्र भाडेकरूचंच असतं. तुम्ही ते फक्त सांभाळणारे असता. चावीच परत आली नसेल तर आधी घर खरंच सोडलं आहे का याची खात्री करा. परस्पर कुलूप बदललं तर बेकायदा घराबाहेर काढल्याचा आरोप येऊ शकतो.

सगळ्यात महागात पडते ती घाई. पसारा बघून डोकं फिरतं आणि सगळं बाहेर फेकलं जातं. मग भाडेकरू येऊन म्हणतो, त्या खोक्यात दागिने होते. खरं-खोटं ठरवायला तुमच्याकडे काहीच नसतं. म्हणून कशालाही हात लावण्याआधी सलग व्हिडिओ काढा, कपाटं आणि खण उघडून दाखवा. नात्यातला नसलेला साक्षीदार घेऊन यादी करा, दोघांच्या सह्या घ्या. ‘एक बॅग’ असं मोघम लिहू नका. रंग, अवस्था, आत काय आहे तेही लिहा. कुलूपबंद पेटी न फोडता तशीच नोंदवा.

भाडं थकलं म्हणून सामान अडकवणं ही दुसरी मोठी चूक. राग रास्त आहे, पण अनेक ठिकाणचे कायदे याला मुभा देत नाहीत. शिवाय फ्रिज हप्त्यावर किंवा भाड्याने आणलेला असेल, तर त्याचा मालक तिसराच निघतो. थकबाकीचा हिशोब अनामत रकमेतून किंवा कायदेशीर मार्गानेच करा.

फोन लागत नाही म्हणजे त्याने सामानावर पाणी सोडलं, असं धरू नका. माणूस रुग्णालयातही असू शकतो. लेखी नोटीस द्या : सामानाची यादी, ते कुठे ठेवलंय, कधीपर्यंत न्यायचं, नाही नेलं तर काय होईल. शेवटचा पत्ता, ईमेल, करारात दिलेला नातेवाईक, सगळीकडे पाठवा आणि पोच जपा. मुदत मनाने ठरवू नका, आपल्या भागातला नियम वकिलाकडून समजून घ्या. कॅलिफोर्नियात नोटीस हातात दिली तर किमान 15 दिवस आणि टपालाने पाठवली तर किमान 18 दिवस द्यावे लागतात. इतका बारीक फरक असतो.

नासणारं अन्न फोटो काढून लगेच टाका. ओळखपत्रं, प्रमाणपत्रं, कौटुंबिक फोटो वेगळे जपा. लॅपटॉप किंवा मोबाइल उघडून बघू नका. हत्यार दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

राहिलेलं सामान विकायची वेळ आलीच, तर ते स्वतःच किंवा नातेवाइकाने स्वस्तात घेऊ नये. पावत्या ठेवा, कायद्याने मान्य असलेला खर्च वजा जाता उरलेली रक्कम सहसा भाडेकरूची असते.

सामान न्यायला दुसराच कोणी आला, तर भाडेकरूची लेखी संमती बघा, ओळखपत्राची प्रत ठेवा आणि यादीवर ‘मिळालं’ अशी सही घेऊनच सामान द्या.