कुंडीतली जुनी माती पुन्हा वापरताना

जुनी माती फेकून देणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांची टाकलेली माती मीच उचलून आणतो. चीड येते ती ‘दोन दिवस उन्हात पसरा, शेणखत घाला, झालं’ असं सांगणाऱ्यांची.

हंगामभरात मातीतलं खत संपतं, सेंद्रिय भाग कुजून बारीक होतो, माती खाली बसते आणि निचरा मंदावतो. हे सगळं तासाभरात दुरुस्त होतं. घोळ होतो तो रोगाचा.

म्हणून झाड उपटलं की आधी मुळं पाण्यात खळबळून बघा. टोमॅटो, वांगी, भेंडीच्या मुळांवर ओबडधोबड गाठी दिसल्या, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, आहेत असं समजा. घेवड्याच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या कामाच्या: नखाने सहज सुटतात आणि जिवंत असतील तर आतून गुलाबी निघतात. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तिथे मूळच फुगलेलं असतं. मुळं साफ आणि झाड शेवटपर्यंत धडधाकट असेल, तर माती प्लास्टिकखाली उन्हात तापवून रोग मारण्याच्या भानगडीत पडू नका, थेट चाळायला घ्या.

मी या तापवण्यात दोन उन्हाळे घालवले. पहिल्या वर्षी काळं प्लास्टिक अंथरलं. काळा रंग ऊन शोषतो, एवढंच डोक्यात. शोषतो खरा, पण तापतं ते प्लास्टिक, खालची माती बेताचीच. दुसऱ्या वर्षी पारदर्शक घेतलं, पण माती होती खडखडीत कोरडी. त्या मातीतल्या टोमॅटोंनी महिन्याभरात भर दुपारी माना टाकल्या. उपटले, तर पुन्हा त्याच गाठी! कोरड्या मातीत उष्णता खोल जात नाही, आणि सुप्त पडलेले जीव ती सोसतातही.

तेव्हा माती ओलीच हवी. मुठीत दाबली की गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा, पाणी मात्र गळू नये. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल आणि ते पार सुकलं असेल तर वरून ओतलेलं पाणी कडेने निघून जातं. घमेल्यात थोडं थोडं पाणी घालत हातानेच कालवा. वीतभर जाडीचा थर करा, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा आणि कडा मातीने दाबा. फट राहिली की वाफ गेली. वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात ४ ते ६ आठवडे हलवू नका. मधेच उघडून बघायचा मोह मलाही होतो, तरी नाही. आणि कृपा करून माती तव्यावर भाजू नका: चांगले जीवाणूही मरतात आणि घरात दिवसभर वास राहतो.

बाकी काम सोपं. चाळा, हुमणीच्या अळ्या वेचा, वरचा पांढरा क्षारांचा थर खरवडून टाका. २ भाग जुन्या मातीत १ भाग गांडूळखत किंवा मुरलेलं कंपोस्ट, वर मूठभर निंबोळी पेंड. निचरा कमी वाटला तर जाड वाळू.

रोपं तयार करायचं बी या मातीत पेरू नका, त्याला नवीनच मिश्रण घ्या. जिथे टोमॅटो होता तिथे मिरची-वांगंही नको, एकाच कुळातली आहेत. पालक, मेथी लावा. चाळणीवर उरलेली मुळं कंपोस्टात जातील, गाठींची मात्र नाही. ती पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.