वादग्रस्त पाहुण्याचं व्याख्यान कॉलेजात लावायचंय? मग ही तयारी आधी करा

परवा बार्शीकडच्या एका कॉलेजातल्या तरुण सरांचा फोन आला, वक्ता ठरलाय, विषय ठरलाय, पोरं उत्साहात आहेत पण प्राचार्य म्हणतायत उद्या काही भानगड झाली तर निस्तरायची कुणी. मी इथे सोलापुरात एका कॉलेजात बरीच वर्षं वाङ्मय मंडळ आणि व्याख्यानमाला सांभाळली, त्यामुळे असे फोन येतात. त्यांना तासभर जे सांगितलं तेच लिहून काढतेय, कुणाच्या तरी उपयोगाला येईल.

सगळ्यात आधी, निमंत्रण पाठवायच्या आधी, आपण ह्यांना का बोलावतोय ते एका कागदावर लिहा. अर्धं पान पुरे. माणूस वादग्रस्त आहे म्हणून हॉल भरेल हे कारण नाही. त्यांनी ह्या विषयात काय काम केलंय, त्यांचं मुख्य म्हणणं काय, त्याला पुरावा काय देतात, आणि आपल्या पोरांच्या कुठल्या अभ्यासाशी ते जोडलंय, हे चार मुद्दे लिहिता आले नाहीत तर अजून निमंत्रण देऊ नका. आणि हे लिहायला त्यांचं स्वतःचं लिखाण वाचा, एखादं भाषण अख्खं ऐका. तीस सेकंदाच्या क्लिपवरून माणूस बोलवायचाही नसतो आणि नाकारायचाही नसतो.

इथे एक घोळ नेहमी होतो. बोलायचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) ने सगळ्या नागरिकांना दिलंय, पण त्याचा अर्थ प्रत्येकाला आपल्या कॉलेजचं स्टेज मिळालंच पाहिजे असा नाही. कुणाला बोलवायचं हे शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी विषय बघून ठरवायचं, शैक्षणिक स्वातंत्र्य ते हेच. नाही बोलावलं तर काही बिघडत नाही. पण रीतसर ठरवून बोलावलं आणि मग कुणाच्या तरी फोनवरून नको म्हणालो, तर आपल्या वर्गात काय शिकवायचं हे बाहेरच्यांनी ठरवायला सुरुवात झाली असं समजा.

मग ठराव. मंडळाची मीटिंग घ्या, वक्ता, विषय, तारीख, हॉल, मानधन आणि प्रवासखर्च सगळं इतिवृत्तात येऊ द्या आणि प्राचार्यांची सही घ्या. तोंडी "घ्या घ्या, करा" ह्यावर कधीही पुढे जाऊ नका, कारण गडबड झाली की तोंडी परवानगी कुणालाच आठवत नाही आणि सापडतो तो नुकताच लागलेला तासिका तत्त्वावरचा सर. सही असली की तो एकटा पडत नाही.

निमंत्रणपत्रात वेळ स्पष्ट लिहा, चाळीस मिनिटं भाषण आणि पंचेचाळीस मिनिटं प्रश्नोत्तरं. उलटं वाटतं ना? पण वादाच्या विषयावर प्रश्नांना भाषणापेक्षा जास्त वेळ हवा, आणि हे वक्त्याला आधी माहीत हवं. जे वक्ते प्रश्न घेणार नाही म्हणतात त्यांना मी नम्रपणे नको म्हणते, मग ते कुठल्याही बाजूचे असोत.

भाषणाचा मसुदा मात्र तपासायला मागू नका. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अधिवेशनाचं अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण हातात पडल्यावर त्यातला काही भाग वगळा म्हणाले, बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही असं कळवलं, अधिवेशन बारगळलं, आणि बाबासाहेबांनी तेच भाषण स्वतः छापलं. आज ते ठिकठिकाणच्या विद्यापीठांत अभ्यासाला आहे. यवतमाळच्या साहित्य संमेलनात जानेवारी २०१९ मध्ये लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं तेव्हाही त्यांचं न झालेलं भाषण छापून आलं आणि राज्यभर वाचलं गेलं. थांबवलेलं भाषण लोकांपर्यंत जातंच, फक्त समोर बसून त्याला प्रश्न विचारायची संधी आपल्या पोरांच्या हातून जाते, मला ह्याचं जास्त वाईट वाटतं.

कॉलेजचा नियम एकच आणि लेखी असू द्या. शिकागो विद्यापीठाच्या समितीने २०१५ साली अहवाल दिला त्यातला मुद्दा वापरण्यासारखा आहे, एखादं मत काहींना आक्षेपार्ह किंवा अगदी चुकीचं वाटतं एवढ्यावरून चर्चा अडवायची नाही, पण वेळ, जागा आणि पद्धत संस्थेने ठरवायची. आपल्याकडे हे असं उतरवता येईल: हॉल किती दिवस आधी मागायचा, कुणाच्या सहीने, बाहेरच्यांना प्रवेश आहे की नाही, बंदोबस्ताचा खर्च आयोजक पोरांवर टाकायचा नाही. आज आरक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्याला जो नियम, पुढच्या महिन्यात विरोधात बोलणाऱ्याला तोच. मनाला न पटणारा वक्ता आला की ह्याची खरी परीक्षा होते, माझीही झालीय, आणि त्या दिवशी सूत्रसंचालन मी स्वतः मागून घेतलं होतं.

तारीख बघताना जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस सोडा, पोलीस तिकडे असतात आणि पोरंही. परीक्षा, जयंत्यांच्या मिरवणुका, निवडणुकीची आचारसंहिता हेही बघा. एप्रिल-मे मध्ये दुपारी ठेवू नका, सोलापूरच्या उन्हात बंद हॉलमध्ये साध्या विषयावर पण माणसं चिडतात.

आता पोलीस. हद्दीतल्या पोलीस स्टेशनला आठवडाभर आधी पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. पत्रात विषय, वेळ, अंदाजे संख्या आणि आयोजकांचे दोन मोबाईल नंबर एवढंच लिहा, वक्त्याचं गुणगान किंवा भीतीचं वर्णन नको. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघत असतात, त्या तारखेला तसा आदेश लागू आहे का ते विचारा, असला तर परवानगीचं काय ते लेखीच घ्या. कुणी म्हणालं की विरोध होणार म्हणून कार्यक्रमच नको, तर १९८९ चा एस. रंगराजन खटला लक्षात ठेवा. आरक्षण धोरणावर टीका करणाऱ्या एका तमिळ सिनेमाचं प्रकरण होतं ते, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, ती सांभाळणं हे सरकारचं काम आहे. सुप्रीम कोर्टाच्याच २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी हे तीन वेगळे केलेत. पहिल्या दोन्हीला संरक्षण आहे, मग ते मत कितीही न आवडणारं असो. चिथावणीला नाही, आणि गटागटांत वैर वाढवण्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू, जुन्या भारतीय दंड संहितेतलं १५३-अ ते हेच. ही मर्यादा वक्त्याला निमंत्रणपत्रात एका ओळीत सांगून ठेवा, म्हणजे नंतर स्टेजवर चिठ्ठी सरकवायची वेळ येत नाही.

ह्या सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते निवेदन देणाऱ्यांशी कसं वागायचं. आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ साली झालं, एकाच जिल्ह्याचं आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे दबाव बऱ्याचदा पत्राने येतच नाही, ओळखीने येतो. "मॅडम, तुम्ही आपल्या घरातल्या, म्हणून सांगतो" अशी सुरुवात असते. त्यावर मी एकच म्हणते, तुमचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं, दोन ओळी लिहून सही करून द्या, मी मीटिंगपुढे ठेवते. निम्मे फोन इथेच संपतात. जे लिहून देतात त्यांना खरोखर काही म्हणायचं असतं आणि त्यांच्याकडे नीट लक्ष द्यायला हवं.

एकदा व्याख्यानाच्या आदल्या दिवशी कॉलेजचे शिपाई मामा धावत आले, "मॅडम, खाली पोरं जमलीत की, निवेदन घेऊन वर यायलेत." गेट लावू का विचारत होते. मी म्हटलं लावू नका, खुर्च्या टाका आणि चहा सांगा. सात-आठ जण आले, पुढचा मोठ्याने वाचत होता, मागे एक पोरगं हातात घडी घातलेला वहीचा कागद घेऊन उभं होतं. निवेदन घेतलं, पोच दिली, मग त्या मुलाला विचारलं तुझ्या कागदावर काय आहे बाळा. त्याने वक्त्याच्या लेखातली तीन वाक्यं उतरवून घेतली होती आणि प्रत्येकाखाली स्वतःचा आक्षेप लिहिला होता, पेन दाबून, कागद मागून उठलेला. त्याला सांगितलं, उद्या पहिला प्रश्न तुझा. दुसऱ्या दिवशी गेटबाहेर काळ्या फिती लावून दहा-बारा जण उभे राहिले, तो त्यांचा हक्क आहे, शांततेने जमण्याचं स्वातंत्र्यही त्याच कलम १९ मध्ये आहे, आणि हा मुलगा फीत लावूनच आत येऊन माईकसमोर उभा राहिला. वक्त्यांना त्याच्या दुसऱ्या मुद्द्यावर उत्तर देता आलं नाही, त्यांनी तसं कबूल पण केलं. हॉलमध्ये जी शांतता झाली ती मी विसरणार नाही.

निवेदनाला उत्तर त्याच दिवशी लेखी द्या. त्यात तीन गोष्टी द्यायची तयारी ठेवा: प्रश्नांत आधी संधी, निषेधाला ठरलेली जागा, आणि त्यांच्या बाजूचा अभ्यासू वक्ता त्याच नियमाने पुढच्या महिन्यात. कार्यक्रम रद्द करणं ह्या यादीत नाही हेही स्वच्छ लिहा. आरडाओरडा करून भाषण बंद पाडणं हा निषेध नव्हे हे आपल्या बाजूच्या पोरांनाही बजावा. अमेरिकेत मिडलबरी कॉलेजात मार्च २०१७ मध्ये चार्ल्स मरे ह्या वादग्रस्त लेखकाचं भाषण विद्यार्थ्यांनी ओरडून होऊ दिलं नाही, नंतर बाहेर धक्काबुक्की झाली आणि त्यात जखमी झाल्या ॲलिसन स्टँगर, त्यांना प्रश्न विचारायला म्हणून स्टेजवर बसलेल्या प्राध्यापिका.

कार्यक्रमाच्या दिवशीचं थोडक्यात. प्रवेश ओळखपत्रावर. प्रश्नांसाठी माईक मधल्या वाटेत स्टँडवर ठेवा, हातात फिरवला की तो ओळखीच्यांकडेच जातो. चिठ्ठ्यांवर प्रश्न घेऊ नका, आयोजकांनी अडचणीचे गाळले असा संशय येतो आणि तो बऱ्याचदा खरा असतो. प्रत्येकाला एक मिनिट. आपल्याकडे घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं भरपूर आहेत, मनात प्रश्न असतो पण चारशे लोकांपुढे मराठीतून जमत नाही म्हणून गप्प बसतात, त्यांना त्यांच्या भाषेत विचारू द्या आणि शेजारच्याने मराठीत सांगायचं. हे सुरू केल्यावर मुलींचे प्रश्न वाढले, हा माझा अनुभव. संपूर्ण रेकॉर्डिंग स्वतः करा, प्रश्नोत्तरांसकट, आणि त्याच संध्याकाळी अख्खं अपलोड करा, कारण रात्रीपर्यंत तुकडा कापून ग्रूपवर फिरणारच.

आणि तरीही रद्द करायची वेळ आली तर? खरोखर हिंसेची पक्की माहिती असेल, पोलिसांनी लेखी दिलं असेल, तर पुढे ढकला, पण नोटिशीवर "अपरिहार्य कारणास्तव" लिहू नका. खरं कारण, निर्णय घेणाऱ्याची सही आणि नवी तारीख, तिन्ही एकाच कागदावर.

हे मी एका सकाळपासून पाळते. एका कॉलेजने रात्री साडेनऊला व्याख्यान रद्द केलं, तेव्हा वक्त्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईहून निघण्याच्या तयारीत होत्या आणि त्यांना कुणी कळवलंच नाही, प्रत्येकाला वाटलं दुसरा फोन करेल. मला रात्री उशिरा कळलं, तोपर्यंत त्यांचा फोन बंद. पहाटे स्टेशनवर मीच गेले. सत्तरीच्या बाई, हातात कापडी पिशवी, पिशवीत पोरांना वाटायला आणलेल्या झेरॉक्स, स्वतः नंबर घालून स्टेपल केलेल्या. मी सांगितल्यावर त्या बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "निदान मुलांना हे तरी देशील ना गं?" जिथे १९३० मध्ये मार्शल लॉ लागला, ज्याचे चार हुतात्मे बोलण्याची आणि जमण्याची किंमत मोजून फासावर गेले, त्या गावात मला त्या दिवशी मान वर करता आली नाही.

त्या झेरॉक्स मी वाटल्या, चाळीस होत्या, आणखी काढाव्या लागल्या.

तेव्हा रद्द झालं तर वक्त्याला पहिला फोन समन्वयकाने स्वतः करायचा, तिकिटाचे पैसे आणि ठरलेलं मानधन त्याच आठवड्यात द्यायचं. टिपण, ठराव, पोलिसांची पोच, निवेदन, त्याचं उत्तर आणि रेकॉर्डिंगची लिंक, हे सगळं एका फाईलला लावा आणि पुढच्या वर्षी जो समन्वयक होईल त्याच्या हातात द्या, कपाटात ठेवू नका, कपाटाची किल्ली आयत्या वेळी सापडत नाही.