7/8 मधले बीम 2+2+3 असे कसे बसवले

म्यूझस्कोअर 4 या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 7/8 ची (एका बारमध्ये सात एट्थ नोटांची) धून लिहिली होती. चालीचा जोर 2+2+3 असा, पण बीम, म्हणजे नोटांना जोडणाऱ्या जाड रेघा, मात्र वेगळ्याच जागी तुटत होते. वाचणाऱ्याचा जोर बीम पाहूनच ठरतो, त्यामुळे हे सोडून देण्यासारखं नव्हतं.

आधी एकेक नोट निवडून प्रॉपर्टीज पॅनेलमधून बीम तोडले. ही चूक. असा बदल त्या नोटेलाच चिकटतो आणि ती 'ऑटो'मधून (बीम आपोआप ठरण्यातून) बाहेर पडते; नंतर टाइम सिग्नेचरचे (7/8 या खुणेचे) गट बदलले तरी ती जागची हलत नाही.

खरा उपाय टाइम सिग्नेचरमध्येच आहे. तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे एट्थ, सिक्स्टीन्थ आणि थर्टी-सेकंड अशा तीन ओळी दिसतात. एट्थच्या ओळीत तिसऱ्या आणि पाचव्या नोटेवर क्लिक करून त्यांच्या आधीचा बीम तोडा. दुसरीकडे कुठे तुटलेला असेल, तर त्या नोटेवर क्लिक करून जोडून घ्या. लहान नोटाही बदलण्याचा पर्याय आधीच टिक करा, नाहीतर सिक्स्टीन्थ जुन्याच गटात राहतात.

हाताने बदललेल्या नोटांसाठी त्या निवडून फॉरमॅट मेनूतलं 'रीसेट बीम्स' वापरलं. काहीच न निवडता ते चालवू नका, सगळ्या स्कोअरचे हातचे बदल पुसले जातात.

बारच्या रेषेपलीकडे बीम न्यायचा असेल, तर प्रॉपर्टीज पॅनेलमधलं बीमचं 'जॉइन' पुढच्या बारच्या पहिल्या नोटेला लावायचं, आधीच्या बारच्या शेवटच्या नोटेला नाही.