आउटबोर्डचा प्लग बदलण्याआधी नीट बघा

बोटीच्या मागे लावलेली टू-स्ट्रोक मोटर, म्हणजे आउटबोर्ड, सकाळी लवकर सुरू होत नसेल किंवा हळू चालताना मिसिंग करत असेल, तर बहुतेक जण थेट नवे स्पार्क प्लग आणतात. मोटर सुरू होते, पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच. जुना प्लग काळा का पडला, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

दर ५० तासांनी प्लग काढून बघा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. प्लग बसतो ते सिलिंडरचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना पाना लावला तर आटे जातात. मोटर बंद करणाऱ्या किल स्विचची क्लिप काढा. प्लगवरची कॅप हातात धरून फिरवत ओढा, वायर ओढू नका. प्लगभोवतीची माती फुंकून उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. वरचा प्लग कुठला, खालचा कुठला, याची खूण ठेवा. दोन्हींत फरक असेल तर दोष एकाच सिलिंडरचा आहे, हे लगेच कळतं.

आता टोक उजेडात धरा. फिकट तपकिरी रंग असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकलाय किंवा मोटर फार वेळ हळू चालतेय. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथली हवा किनाऱ्यापेक्षा थोडी विरळ, त्यामुळे किनाऱ्यावर जुळवलेला कार्बोरेटर नाशिकजवळच्या गंगापूर धरणात हवेच्या मानाने जरा जास्त पेट्रोल देतो. हळू फेऱ्या मारल्या असतील तर परतताना मोकळ्या पाण्यात काही मिनिटं वेगात चालवा, काजळी जळते.

ओला, तेलकट प्लग दिसला तर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचं माप तपासा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. तेल टीसी-डब्ल्यू३ या, टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठीच्या दर्जाचंच हवं. दुचाकीचं टू-टी तेल स्वस्त पडतं म्हणून घालणं ही खरोखर वाईट सवय आहे: त्यातल्या घटकांची राख पिस्टनवर आणि प्लगवर साचते, ती तापून लाल होते आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवते.

पांढरा, फोड आलेला प्लग सगळ्यात धोक्याचा. इंजिन तापतंय. गोदावरीतल्या पाणवेली किंवा पावसाळ्यानंतरचा गाळ पाण्याच्या जाळीत अडकलाय का, थंड करणारं पाणी ओढणारा पंपातला पंखा, म्हणजे इम्पेलर, थकलाय का, ते आधी पाहा. कारण सापडेपर्यंत मोटर चालवू नका. टोकावर गंज किंवा पाण्याचे थेंब असतील तर पेट्रोलमध्ये पाणी आहे किंवा हेड गॅस्केट गेलंय. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं, म्हणून महिनोन्‌महिने टाकीत पडलेलं वापरू नका.

काजळी काढायला तारेचा ब्रश प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर घासू नका. धातूची रेघ उमटते आणि ठिणगी तिथूनच निसटते. काजळी हलकी असेल तर प्लग क्लीनर आणि मऊ ब्रश पुरे. टोकाच्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्या असतील तर प्लग बदला, आणि एक बदलला तर दोन्ही बदला. नंबर मॅन्युअलमधलाच घ्या. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढतो तसा प्लग ‘थंड’ होतो, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडतो. काजळी धरते म्हणून मनाने गरम नंबर लावला तर पूर्ण वेगात पिस्टनला भोक पडू शकतं.

नव्या प्लगचाही गॅप, म्हणजे टोकावरच्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, फिलर गेजच्या पातळ पट्टीने तपासा. बऱ्याच जुन्या टू-स्ट्रोकमध्ये गॅप ०.६ मिमी असतो, काहींत जास्त. आकडा मॅन्युअलमधून घ्या. गॅप कमी-जास्त करताना फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड वाकवा.

प्लग हातानेच शेवटपर्यंत फिरवा. अडला तर उलटा काढून पुन्हा लावा. १४ मिमी आट्यांच्या नव्या प्लगला त्यानंतर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, वॉशर दबलेल्या जुन्याला जेमतेम एक अष्टमांश. कॅप ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. पाण्याविना मोटर सुरू करून बघू नका, इम्पेलर काही सेकंदांत जळतो. बोटीत दोन नवे प्लग, प्लग पाना आणि कोरडं फडकं बंद डब्यात ठेवा.