सांगलीत बसून लघुग्रह शोधायचे म्हणजे नक्की काय करायचं

मी दिवसा हळदीच्या अडतीत हिशोब लिहितो आणि रात्री लघुग्रह शोधतो. हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, दुर्बीण केवढ्याची? तर दुर्बीण लागतच नाही. मी हौसेनं सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेऊन बसलो, दांडोबाच्या डोंगरावरनं तिच्यातनं शनीची कडी झकास दिसतात, पण नवीन लघुग्रह? नाव नको. वेस्टा नावाचा जुना, ठळक लघुग्रह तेवढा सापडतो आणि तो तर साध्या बायनॉक्युलरमधनं पण दिसतो.

खरं काम लॅपटॉपवर. आयएएससी (इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन) म्हणून अमेरिकेतला एक उपक्रम आहे, फुकट आहे, त्यात टीम करून नाव द्यायचं. अमेरिकेच्या हवाई बेटांवर पॅन-स्टार्स नावाची १.८ मीटरची दुर्बीण आहे, तिनं काढलेले फोटो आपल्याला येतात, त्यामुळे पावसाळ्यात सांगलीत महिनाभर आभाळ दिसलं नाही तरी आपलं काम चालू. एका सेटमध्ये आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो असतात, थोड्या थोड्या वेळानं काढलेले. ॲस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये (विंडोजवरच चालतं) ते उघडून ब्लिंक करायचे, म्हणजे एकामागून एक भराभर फिरवून बघायचे. तारे जागच्या जागी आणि लघुग्रह टुकटुक करत सरळ रेषेत पुढं. एवढंच.

एवढंच म्हणतोय खरं, पण पहिले पंधरा दिवस मला सगळीकडंच टुकटुक दिसायची. कॅमेऱ्याचे खराब पिक्सेल, कॉस्मिक रे (अवकाशातनं येणाऱ्या कणांचे डाग), ताऱ्याशेजारचा कचरा, सगळं हलल्यासारखं वाटतं. मग सवय लागली. चारही फोटोत आहे का, अंतर सारखं पडतंय का, मध्येच तेज कमीजास्त होतंय का ते बघायचं, आणि टिंबावर क्लिक केल्यावर तेजाचा ग्राफ घंटेसारखा आला नाही तर सोडून द्यायचं. एसएनआर (म्हणजे मागच्या गोंधळापेक्षा ठिपका किती उठून दिसतो तो आकडा) पाचच्या खाली असेल तर मी हात पण लावत नाही.

माझी सगळ्यात मोठी फजिती सांगतो. एकदा एकदम स्वच्छ, ठळक ठिपका मिळाला, चारही फोटोत. रात्री दीडला बायकोला उठवलं, सकाळी अडतीत पेढे. नंतर कळलं की माहीत असलेल्या लघुग्रहांची फाईल, ती एमपीसीऑर्ब, मी अपडेटच केली नव्हती आणि ते साहेब आधीपासून यादीत होते. तेव्हा सेट उघडायच्या आधी ती फाईल ताजी करून घ्या, पेढे नंतर.

आणि ‘शोध लावला’ हा शब्द जरा जपून वापरा राव. आपण पाठवतो तो रिपोर्ट, तो आधी प्राथमिक नोंद म्हणून धरतात. तो लघुग्रह पुन्हा कुणाला तरी दिसावा लागतो, मग मायनर प्लॅनेट सेंटर (जगभरातल्या लघुग्रहांची नोंद ठेवणारी संस्था) तात्पुरता क्रमांक देतं आणि कक्षा पक्की होऊन कायमचा नंबर पडायला वर्षं जातात. नाव ठेवायची वेळ त्यानंतर. त्यातही १६ अक्षरांची मर्यादा, आणि राजकारण्यांची नावं निधनानंतर १०० वर्षं झाल्याशिवाय चालत नाहीत. आमच्या गल्लीतले एक कार्यकर्ते साहेबांच्या नावाचा लघुग्रह मागायला आले होते, त्यांना हा नियम सांगितला तर म्हणाले, मग माझं टाका.

माझ्या खात्यावर अजून प्राथमिक नोंदीच आहेत, नंबर एकाचाही नाही. आज रात्री नवीन सेट यायचाय, लाईट राहिली म्हणजे झालं.