ठाण्याहून गुटाखला: आधी गुटाख कुठलं ते नक्की करा

सगळ्यात आधी हा आकडा लिहून ठेवा, ७७७९३. हा गुटाखचा पिनकोड आहे आणि बुकिंग करताना गावाच्या नावापेक्षा तोच बघायचा. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये गुटाख नावाची दोन गावं आहेत, दोन्ही दरीतली, दोन्हीच्या फोटोत हिरवे उतार आणि गाई. एक गुटाख श्वार्झवाल्डबान, म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट रेल्वेलाइनवरचं, ज्याबद्दल मी लिहितेय. दुसरं गुटाख इम ब्राइसगाउ, एल्झ नदीच्या दरीतलं, त्याचा पिनकोड ७९२६१. मी काय केलं असेल ते कळलंच असेल.

आम्ही तिघं, मी, आई आणि बाबा, चार बॅगा घेऊन हाउसाख स्टेशनवर उभे. गुटाख तिथून अगदी पुढचंच गाव. घरमालकीणबाईंना फोन लावला तर त्या म्हणतात मी स्टेशनसमोरच आहे, निळी गाडी. मी म्हटलं निळी गाडी दिसत नाहीये. त्या म्हणाल्या मलाही तीन माणसं आणि बॅगा दिसत नाहीयेत. पाच मिनिटं हेच चाललं, मग बाबांनी फलाटावरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अगं, हे बघ, हे पण गुटाखच." मग परत ऑफेनबुर्ग, तिथून डेंझलिंगेनला गाडी बदलून एल्झच्या दरीत, संध्याकाळ पूर्ण गेली. आई एवढंच म्हणाली, "रिक्षावालासुद्धा विचारतो, कोपरी कुठली, ठाण्याची का वाशीची. तू नाही विचारलंस?"

एक रात्र तिथे काढून दुसऱ्या दिवशी बरोबर असलेल्या गुटाखला आलो. घरमालकीणबाईंनी पैसे परत केले नाहीत, आणि चूक माझी होती त्यामुळे मी मागितलेही नाहीत.

आता मुद्द्यावर. इथल्या टूरवाल्यांच्या पॅकेजमध्ये ब्लॅक फॉरेस्ट म्हणजे टिटिझे तलावाला बस थांबवायची, कुकू क्लॉकच्या दुकानात सोडायचं, केकचा एक तुकडा आणि चला स्वित्झर्लंड. त्यापेक्षा एकच दरी धरा आणि तीन-चार रात्री एकाच गावात राहा, असं माझं म्हणणं आहे. आईवडील बरोबर असतील तर नक्कीच, कारण रोज बॅगा भरणं हा प्रकार सत्तरीनंतर होत नाही, खरं तर पंचेचाळीसनंतरही होत नाही.

कधी जायचं तर मे-जून किंवा सप्टेंबर. तिथलं मुख्य बघायचं ते जुन्या शेतघरांचं म्युझियम मार्चच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच चालू असतं, त्यामुळे दिवाळीनंतरची तिकिटं काढून फसू नका. जूनमध्ये रात्री नऊलाही उजेड असतो. पाऊस कधीही येतो, आपल्यासारखा कोसळत नाही, रिपरिप, पण जॅकेट हवंच.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसा, मोठ्या माणसाला ९० युरो फी, इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अपॉइंटमेंट आधी बघा, मग बाकीचं, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी गर्दी असते.

फ्रँकफर्टला उतरल्यावर लक्षात ठेवायचं की एअरपोर्टला रेल्वे स्टेशनं दोन आहेत. लांबच्या गाड्यांचं ते फर्नबानहोफ, तिकडे जायचं. तिथून बाझेलकडे जाणाऱ्या आयसीई, म्हणजे वेगवान लांबच्या गाड्यांपैकी बऱ्याच ऑफेनबुर्गला थांबतात, ती पकडायची, ऑफेनबुर्गला उतरून कॉन्स्टान्झकडे जाणारी रिजनल एक्स्प्रेस, आणि अर्ध्या तासाच्या आत हाउसाख. ही एक्स्प्रेस गुटाखला थांबत नाही, म्हणून हाउसाखला उतरून बस किंवा लोकल. म्युझियमपाशी एक छोटा हॉल्ट आहे पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, रेल्वेच्या ॲपवर बघून घ्या. स्वस्तातलं आयसीई तिकीट त्याच एका गाडीला चालतं, विमान लेट झालं की ते गेलं, तेव्हा एकतर थोडे जास्त देऊन कुठल्याही गाडीला चालणारं काढा नाहीतर मध्ये तीन तास तरी ठेवा.

राहायला हॉटेलपेक्षा फेरियेनवोनुंग बघा, म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं घर, किचनसकट. बरीच घरं शेतकऱ्यांचीच असतात, खाली गोठा आणि शेजारी आपण. बाबा तीन दिवस ब्रेड-चीज खाऊन चौथ्या दिवशी बोलेनासे होतात हे मला माहीत होतं, म्हणून तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, पापड ठाण्याहूनच नेलं. फक्त तूप, पेढे, खवा, पनीर नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप नाही म्हणून बाबांनी खिचडीवर तिथलं लोणी घातलं आणि आईला सांगितलं की तुझ्या तुपापेक्षा बरं आहे, मग तो वाद दोन दिवस.

घरमालकांकडे कोनुस कार्ड मागा. मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचा छोटा पर्यटन कर घेतात आणि त्याबदल्यात हे गेस्ट कार्ड मिळतं, ते असलं की ब्लॅक फॉरेस्टमधल्या बस आणि रिजनल गाड्या फुकट. आयसीई-आयसी या लांबच्या गाड्यांना चालत नाही. सगळी गावं यात नसतात, म्हणून बुकिंगच्या आधीच विचारा. नसेल तर बाडेन-व्युर्टेम्बेर्ग तिकीट, दिवसभराचं, पाच जणांपर्यंत, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं. शनिवार-रविवारी ती अट नाही.

रविवारी दुकानं बंद. म्हणजे खरंच बंद, आपल्या गोखले रोडसारखं "शटर अर्धं खाली आहे पण आत या" असलं काही नाही. शनिवारी दूध, भाजी, पाणी आणून ठेवा. पाणी म्हणजे नळाचंच प्या, चांगलं असतं. बाटली घेतलीच तर फेकू नका, बहुतेक प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की परत मिळतं. बाबांनी या कामात फार रस घेतला.

आता म्युझियम, याला अख्खा दिवस द्या. नाव फोग्ट्सबाउअर्नहोफ, जीभ वळली नाही तर तिकिटावर बोट दाखवा. फोग्ट म्हणजे साधारण आपला गावचा पाटील, म्हणजे हा पाटलाचा वाडाच झाला. हे शेतघर १६१२ सालचं आणि आजही मूळ जागेवर उभं आहे. १९६४ मध्ये हेर्मान शिली यांनी त्याचं म्युझियम केलं आणि नंतर ब्लॅक फॉरेस्टच्या वेगवेगळ्या भागांतली जुनी घरं सुटी करून, लाकूड न लाकूड मोजून, इथे आणून पुन्हा उभी केली. एक १५९९ चं, एक १६०८ चं. काचेतून बघायचं नाही, आत शिरायचं.

घराची रचना बघताना घाई करू नका. एकच प्रचंड उतरतं छप्पर, इतकं खाली आलेलं की बाहेरून भिंत जेमतेम दिसते, आणि त्याच छपराखाली माणसं, गुरं, चारा सगळं. गवताचा माळा सगळ्यात वर, घर उताराला टेकून बांधलेलं असल्यामुळे मागच्या बाजूने गवताची गाडी थेट माळ्यावर हाकता येते. म्हणजे गवत चढवायचं नाही, वरून खाली गोठ्यात फक्त टाकायचं. बाबा तिथे दहा मिनिटं उभे होते आणि म्हणत होते, हे आपल्या गावाला का सुचलं नाही.

स्वयंपाकघरात चुलीला धुराडं नाही. धूर नुसता वर जातो, छपराखाली फिरतो आणि मिळेल तिथून बाहेर पडतो, त्याने वरची लाकडं काळी कुळकुळीत झालीयेत, हात लावला तर गुळगुळीत. आई आत पाय टाकल्याबरोबर थांबली, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाली, "माझ्या आजीचं स्वयंपाकघर." तिचं माहेर राजापूरकडचं. धुराने वाळवी-किडा लागत नाही, गवत कोरडं राहतं, आणि इथे चुलीवर डुकराचं मांस टांगून ठेवायचे ते धुरावर महिनोन्महिने टिकायचं. बाबांनी वर बघितलं आणि लगेच बाहेर गेले. आई मात्र तिथल्या बाईंना खुणेने विचारत होती, डोळे लाल होत नव्हते का तुमचे धुराने. बाईंना काय कळलं कोण जाणे, त्या खूप हसल्या.

अंगणातलं छोटं घर चुकवू नका, लाइबगेडिंगहाउस. मुलाच्या नावावर शेत केलं की म्हातारा-म्हातारी मोठं घर सोडून इथे राहायला यायचे, आणि त्यांना दूध किती, धान्य किती, सरपण किती द्यायचं ते करारात लिहिलेलं असायचं. शेत वाटायचे नाहीत, अख्खं एकालाच, या भागात बहुतेक सगळ्यात धाकट्या मुलाला. आमच्या गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत आणि बाबा त्यात थोरले. ते काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "लिहून घ्यायचे ते बरं करायचे."

बोलेनहूट, म्हणजे ती पांढरी गवती टोपी, वर लोकरीचे मोठमोठे लाल गोंडे, ब्लॅक फॉरेस्टच्या प्रत्येक मॅग्नेटवर असते. लोकांना वाटतं सगळ्या ब्लॅक फॉरेस्टचा पोशाख आहे. तसं नाही, ती मूळची फक्त तीन गावांची, गुटाख, किर्नबाख आणि राइशेनबाख, तिन्ही प्रोटेस्टंट. गोंडे एकूण १४, दिसतात ११, लग्न न झालेलीचे लाल, झालेलीचे काळे. वजन दोन किलोपर्यंत, म्हणजे डोक्यावर कांद्याची पिशवी ठेवून चर्चला जायचं. विल्हेल्म हाझेमान नावाचा चित्रकार गुटाखला येऊन राहिला, त्याने या मुलींची चित्रं काढली आणि टोपी जगभर गेली. गावात त्याच्या आणि कुर्ट लीबिश यांच्या नावाचं छोटं चित्रसंग्रहालय आहे, अर्धा तास पुरतो. म्युझियमजवळ समर टोबोगनही आहे, रुळावरची घसरगाडी, मुलं असतील तर करा.

दुसरा दिवस रेल्वेचा, आणि ठाणेकराने हा सोडला तर मी बोलणार नाही. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ला धावली, बोरघाट १८६३ ला सुरू झाला आणि हाउसाखच्या पुढची ही घाटातली लाइन १८७३ ला पूर्ण झाली. बाबा सेंट्रल रेल्वेतून रिटायर झालेले, कर्जत-लोणावळ्याचा १:३७ चा चढ, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर, आणि मागे लावलेले बँकर, म्हणजे गाडी ढकलायची जादा इंजिनं, यावर ते तासभर बोलू शकतात. इथे इंजिनियर रोबेर्ट गेर्विग याने वेगळं केलं, चढ १:५० च्या वर जाऊच दिला नाही, त्यासाठी लाइन डोंगराच्या पोटातून वळसे घालत नेली. हॉर्नबेर्ग ते सांक्ट गेओर्गेन सरळ मोजलं तर ११ किलोमीटर, रुळावरून २६. ऑफेनबुर्गपासून झिंगेनपर्यंतच्या अख्ख्या लाइनवर ३९ बोगदे, बहुतेक या टप्प्यातच. एकच स्टेशन, एकच चर्च खिडकीतून आधी एका बाजूला दिसतं मग दुसऱ्या बाजूला, म्हणून कुठली सीट चांगली हे विचारू नका.

सगळ्यात लांब सोमेराउ बोगदा, १,६९७ मीटर, आपल्या पारसिक बोगद्यापेक्षा लांब. आणि तो जिथे आहे तिथेच पाण्याची वाट फुटते. अलीकडचं पाणी गुटाख नदीतून किन्झिग, ऱ्हाइन करत उत्तर समुद्राला, पलीकडचं ब्रिगाखमधून डॅन्यूबला आणि थेट काळ्या समुद्राला.

वाटेत ट्रीबेर्गला उतरा, धबधबा १६३ मीटर, टप्प्याटप्प्याने, तिकीट आहे, चढ आहे, खालचा टप्पा बघून परत फिरलात तरी चालेल. जगातलं सगळ्यात मोठं कुकू क्लॉक बघायचं असेल तर तिथे अशी दोन आहेत, एक शोनाखला, एक ट्रीबेर्गजवळ, आणि दोघांचाही दावा आहे.

हॉर्नबेर्गला वर किल्ला आहे, पण गंमत गोष्टीत आहे. १५६४ मध्ये ड्यूक येणार म्हणून गावाने तोफा सज्ज ठेवल्या, लांब धूळ दिसली की बार उडवायचे, आणि दर वेळी निघायचं काय तर कधी घोडागाडी, कधी व्यापारी, कधी गुरांचा कळप. खरा ड्यूक आला तेव्हा दारू संपलेली, मग गावकऱ्यांनी तोंडानेच तोफांचे आवाज काढले. जर्मनमध्ये अजून म्हण आहे, हॉर्नबेर्गच्या गोळीबारासारखं झालं. आपला फुसका बार.

खाण्याचं शेवटचं, पण नीट वाचा. शाकाहारी असाल तर "फ्लाइश" म्हणजे मांस नको एवढं सांगून भागत नाही, "श्पेक" म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस पण नको सांगा, कारण फ्लामकुखनवर (पातळ पिझ्झासारखा प्रकार), बटाट्यावर, सॅलडवर त्याचे बारीक तुकडे असतात आणि त्यांच्या हिशेबी ते मांस नव्हे, चव असते. चालतं ते म्हणजे केझेश्पेत्झले, चीजमधल्या जाडसर शेवया, अंडं असतं. आणि ब्रेगेले म्हणजे परतलेले बटाटे, सोबत बिबेलिसकेझ, ते म्हणजे आपल्या चक्क्यात कांद्याची पात घातल्यासारखं. बाबांनी चार दिवसांत तीनदा खाल्लं. ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये चेरीची दारू खरीखुरी असते, आईने निम्मा खाऊन झाल्यावर विचारलं हा वास कसला, मी म्हटलं चेरीचा.