धुंधुरमासाचे तीस दिवस: बेळगावच्या थंडीत रोज कसं धावायचं

पहिल्या वर्षी माझा नेम नवव्या दिवशी मोडला, दुसऱ्या वर्षी सतराव्या. तिसऱ्या वर्षी तीसच्या तीस दिवस पार पडले, आणि गंमत अशी की त्याच वर्षी रोजचं अंतर मी सगळ्यात कमी धरलं होतं. थंडीमुळं नेम मोडतो असं सगळे म्हणतात, पण आमच्या बेळगावची थंडी ती केवढी! डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा चौदा-पंधरावर असतो, एखाद्या आठवड्यात दहा-अकराला टेकतो. नेम मोडतो तो पहिल्या चार दिवसांतल्या हौसेनं. म्हणून खाली जे सांगतोय, त्यातलं बरंचसं कमी कसं धावायचं याबद्दलच आहे.

आधी तारखा ठरवा

एक जानेवारीचा मुहूर्त नको. आदल्या रात्रीचं जागरण अंगात असतं आणि संकल्पाला साक्षीदार फार असतात. मी १६ डिसेंबर ते १४ जानेवारी असे तीस दिवस धरतो, म्हणजे धनुर्मास, आपला धुंधुरमास. पहाटे उठून, पूजा आटोपून, उजाडता उजाडता बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी खायचा हा महिना. कन्नड शेजाऱ्यांकडंही याच दिवसांत पहाटेची पूजा आणि हुग्गी, म्हणजे त्यांची मूगडाळीची खिचडी, असते. गल्लीत पाचला दिवे लागलेले असतात, त्यामुळं तुमच्या घरातला दिवा लागला तर कुणी दचकत नाही. लग्नाचे बारही या दिवसांत फारसे उडत नाहीत, म्हणजे रात्री अकराच्या पंगतीचा बहाणा आपोआप गेला. शेवटचा दिवस बहुतेक वर्षी संक्रांतीचा, तो विसरायचा प्रश्नच नाही.

या तारखांची एक खोड आधीच सांगतो. २१-२२ डिसेंबरनंतर दिवस मोठा व्हायला लागतो हे आपण शाळेत शिकलो, पण तो वाढतो संध्याकाळच्या बाजूनं. सकाळी सूर्य उलट आणखी उशिरा उगवतो. आमच्याकडं सुरुवातीला सातला दहाएक मिनिटं कमी असताना उजाडतं, संक्रांतीला सात वाजून गेलेले असतात. म्हणजे तुमचा शेवटचा आठवडा सगळ्यात अंधारा. सहाला निघून उजेडात परत येऊ हा हिशेब पहिल्या दिवसापासून चुकीचा धरा आणि बॅटरी घ्या. कपाळाला बांधायची मिळाली तर उत्तम.

लाज वाटेल एवढं छोटं अंतर

आता मुख्य गोष्ट. रोजचं किमान अंतर ठरवायचं ते तुमच्या चांगल्या दिवसावरून नाही, सगळ्यात वाईट दिवसावरून. रोज धावणाऱ्यांमध्ये एक मैलाचा, म्हणजे १.६ किलोमीटरचा, दंडक जुना आहे. इंग्लंडचे मॅरेथॉनपटू रॉन हिल डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, ५२ वर्षं, एकही दिवस न चुकवता धावले. त्यांचंही किमान अंतर एक मैलच होतं. बावन्न वर्षांना जे पुरलं ते आपल्या तीस दिवसांना कमी कसं पडेल?

पहिल्या वर्षी मी किमान पाच किलोमीटर धरले होते. चार दिवस छाती पुढं काढून धावलो. सहाव्या दिवशी नडगी दुखायला लागली, नवव्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. दम आणि छाती दोन-तीन आठवड्यांत तयार होतात, पण हाडं आणि स्नायूबंध सावकाश सरावतात. मन म्हणतं पळ, आणि नडगीला अजून निरोपही पोचलेला नसतो.

माझी आठवड्याची मांडणी अशी असते: चार दिवस नुसता मैल, दोन दिवस तीन किलोमीटर, एक दिवस पाच. महिन्याचे साधारण पंचाहत्तर किलोमीटर होतात. दोन मोठे दिवस पाठोपाठ घ्यायचे नाहीत, आणि मैलाच्या दिवशी पाय हलके वाटले म्हणून पुढं जायचं नाही. हे दुसरं फार जड जातं. वेग एवढाच ठेवा की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. एकटे असाल तर एखादा अभंग पुटपुटून बघा. ओळ मधेच तुटली तर चाल कमी करा.

कधीच धावला नसाल तर एक मिनिट धावा, एक मिनिट चाला. मैल असाही मोजला जातो. चाळिशी ओलांडली असेल, किंवा रक्तदाब, साखर, हृदयाचं काही असेल, तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. महिनाभर नुसतं झपझप चालायचा नेम केला तरी मी त्याला कमी म्हणणार नाही.

खरं काम आदल्या रात्री

पहाटे पावणेसहाला माणसाची बुद्धी चालत नाही, म्हणून तिच्यावर काही सोपवू नका. बूट दाराशी, मोजे बुटात, बनियन-शर्ट-पँट खुर्चीवर घालायच्या क्रमानं, बॅटरी चार्ज केलेली, किल्ली बुटाशेजारी. मोबाइलचा गजर उशाशी नको, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवा. तो बंद करायला उठलात की थंड फरशी उरलेलं काम करते. (घरचे पहिले तीन दिवस वैतागतात. चौथ्या दिवसापासून आपण गजराआधीच उठायला लागतो, ते घरच्यांच्या भीतीनं.)

कपड्यांचा नियम सोपा आहे: दाराबाहेर पाऊल टाकताना थोडं कुडकुडायला हवं. घरातून निघतानाच उबदार वाटत असेल तर दहाव्या मिनिटाला घामानं निथळाल, आणि परतताना तोच घाम गार पडेल. आमच्या थंडीला आत घाम न धरणारा पातळ टी-शर्ट आणि वर एक बाह्यांचा, एवढं पुरतं. सुती बनियन घाम पिऊन बसतं, ते टाळा. कानाला मात्र जपा. मी जुनी कानटोपी घालून निघतो, अंग तापलं की ती काढून कमरेला खोचतो. ती खोचलेली टोपी बघून दूधवाला मला अजून गवंडी समजतो.

निघण्याआधी पाच मिनिटं घरातच अंग मोकळं करा: टाचा वर-खाली वीस वेळा, भिंत धरून पाय पुढं-मागं झुलवणं, दहा उठाबशा. गार स्नायू ताणून धरायचे नाहीत, हलवायचे. पहिली पाच मिनिटं चालतच जा.

कुठं धावायचं

शहरात असाल तर टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोसारखी जागा नाही. झाडी आहे, पायाखाली माती आहे, आणि पहाटेपासून फिरणाऱ्यांची वर्दळ असते. बायकांनी एकटीनं धावायचं तर मला हीच जागा सुचते, दोघी-तिघी मिळाल्या तर आणखी बरं. किल्ल्याच्या तळ्याकाठी मोकळं वाटतं, पण पाण्याजवळ गारवा जास्त बोचतो. सरळ सपाट रस्ता हवा असेल तर काँग्रेस रोड. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यावरून हे नाव. कॅम्पातले रस्ते रुंद आणि सावलीचे आहेत, पण लष्करी हद्दीत पाटी वाचून वळा. राजहंसगडाचा चढ रविवारी चालत चढायला छान आहे. या महिन्यात तिथं धावू नका, उतारावर गुडघे हिशेब मागतात.

गावाकडचं वेगळं. येळ्ळूर, अनगोळ, वडगावच्या शिवारात भात निघालेला असतो, मोकळ्या रानात मसूर उगवलेला असतो आणि बांधावरच्या वाटा पायाला मऊ लागतात. पण दवानं त्या निसरड्या होतात, म्हणून उजाडल्यावरच जा. खानापूर-जांबोटीकडं राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: जंगलाच्या कडेच्या रस्त्यावर अंधारात पळायचं नाही, त्या रानात अस्वलं आहेत.

निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या पट्ट्यात मात्र मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती उसाच्या ट्रॅक्टरची. याच दिवसांत गळीत हंगाम जोरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना लाल पट्टी, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, आणि गाण्याचा आवाज एवढा की तुमची हाक चालकाला ऐकू जाणं शक्य नाही. एकदा धुक्यात अशाच एका ट्रॉलीतल्या उसाचं वाढं माझ्या खांद्याला चाटून गेलं. मी रस्त्याच्या डाव्या बाजूनं, वाहनांकडं पाठ करून धावत होतो. चूक माझीच. नेहमी उजव्या बाजूनं धावा, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. अंगात पांढरं किंवा चमकणाऱ्या पट्ट्यांचं काहीतरी असू द्या. धुकं दाट असेल तर रस्त्यावर जाऊच नका, अंगण आहे, गच्ची आहे.

कुत्र्यांचाही त्रास याच महिन्यात. थंडीत गल्लोगल्ली कुत्र्या व्यालेल्या असतात आणि पिल्लांपायी अंगावर येतात. कुत्रं भुंकलं की धावणं थांबवा, डोळ्याला डोळा भिडवू नका, सावकाश चालत त्याची हद्द ओलांडा. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना लावत बसू नका.

सकाळ हुकली तर

हुकणारच. नेमाचा दिवस मध्यरात्रीपर्यंत असतो, पहाटेपर्यंत नाही. तिसऱ्या वर्षीच्या तेविसाव्या दिवशी मी कामानं कोल्हापूरला होतो, घरी पोचायला सव्वाअकरा झाले. जेवलो नाही, बूट घातले आणि गल्लीत उतरलो. घरापासून कोपऱ्यावरच्या विहिरीपर्यंत बरोबर शंभर मीटर. म्हणजे आठ फेऱ्या, जाऊन-येऊन. चौथ्या फेरीला समोरच्या काकूंनी खिडकी उघडली. “कोण मागं लागलंय काय गा, एवढं पळूलालास?” मी म्हटलं, “नाही काकू, मैल पुरा करतोय.” त्या खिडकीतच थांबल्या आणि उरलेल्या फेऱ्या मोजल्या. आठवी संपली तेव्हा बारा वाजायला अठरा मिनिटं होती.

पाच किलोमीटरचं किमान असतं तर ती रात्र मी सोडून दिली असती.

जमेल तशी तुमचीही एक गल्ली मोजून ठेवा. ३१ डिसेंबरला मात्र सकाळीच धावून मोकळे व्हा. माझा सतरावा दिवस म्हणजे १ जानेवारी, तो कसा गेला ते सांगत नाही.

थांबायचं केव्हा

नाक गळतंय, शिंका येतायत, घसा जरा खवखवतोय, एवढंच असेल तर मैल सावकाश धावून घ्या. ताप, अंगदुखी, छातीत कफ, धाप असं काही असेल तर त्या दिवशी बूट घालायचे नाहीत. विषाणूच्या तापात जोर केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, ती जिवावर बेतते. धावताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच बसा आणि लगेच डॉक्टर गाठा. दमा असलेल्यांना गार कोरडी हवा झोंबते. त्यांनी तोंडावर पातळ रुमाल बांधावा, औषधाचा पंप खिशात ठेवावा आणि कचरा जाळलेल्या गल्लीतून जाऊ नये.

पायाच्या दुखण्याची परीक्षा बोटानं करा. दोन्ही पिंढऱ्या सारख्या जड आणि दहा मिनिटांत सुटतात, तर ती नुसती थकावट. पण नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट टेकवताच कळ आली, किंवा लंगडत धावावं लागलं, तर नेम तिथंच संपला. हाडाला बारीक चीर गेली तर सहा-आठ आठवडे घरी बसावं लागतं. कॅलेंडरवर चौकट कोरी राहिली म्हणून तेवढं वाईट वाटून घेऊ नका.

परत आल्यावर

ओला शर्ट दारातच बदला. चहा नंतर. थंडीत तहान लागत नाही पण पाणी जातंच, म्हणून आधी एक तांब्या कोमट पाणी. टाचांना भेगा पडतात, आमच्याकडची हवा या दिवसांत कोरडी असते. रात्री कोकमाचं तेल किंचित कोमट करून चोळलं आणि मोजे घातले की चार दिवसांत फरक पडतो. खायला धुंधुरमासाचंच जेवण पुरे, फक्त लोणी धावलेल्या अंतराच्या मानानं घ्या. मैल धावून आलेल्याला चार भाकऱ्या लागत नाहीत, हे मला घरून रोज ऐकावं लागतं.

मग स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जा आणि त्या दिवसाच्या चौकटीत लाल पेनानं खूण करा. मोबाइलमध्ये नोंद होतेच, पण भिंतीवरची खूण घरातले सगळे बघतात. चौकट रिकामी दिसली की संध्याकाळी कुणीतरी विचारतंच.

भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी पोटभर होणार, तेव्हा त्या दिवशी पहाटेच मैल उरका. संक्रांतीचा शेवटचा मैल मी सगळ्यात सावकाश धावतो आणि येताना समोरच्या काकूंकडं तीळगूळ देऊन येतो, त्या मोबदल्यात एळ्ळु-बेल्ला, म्हणजे कन्नड तीळगूळ, देतात. पंधरा आणि सोळा जानेवारीला पूर्ण विश्रांती. बूट उन्हात टाका, उलटे करून त्यांचा तळ बघा. एका बाजूनं जास्त झिजला असेल तर पुढच्या महिन्याआधी नवे घ्या.